चाचांचं देणं

चाचांच्या गॅरेजमध्ये उधारी चालत नाही. प्लग बदलला की प्लगचे पैसे, दोरी बदलली की दोरीचे, मजुरी वेगळी. द्राक्षाचा व्यापारी पैसे देवो न देवो, त्यांना त्याच्याशी कर्तव्य नाही. त्यामुळे हिशेबाच्या वहीत त्यांचा माझ्याकडे एक रुपया निघत नाही. तरीही पावसाळ्यात आमचं गवत कापायचं मशीन दुसऱ्या-तिसऱ्या झटक्याला धडधडू लागतं, तेव्हा हे देणं फिटलं असं म्हणायला जीभ रेटत नाही.

आमची द्राक्षबाग दिंडोरी तालुक्यात. एप्रिलची खरड छाटणी उरकते, पाऊस येतो आणि वेलीबरोबर हरळी, लव्हाळा, गाजरगवतही माजतं. ट्रॅक्टर ओळींच्या मधून जातो. खोडांच्या रांगेत, ठिबकच्या नळ्यांना चिकटून वाढलेल्या गवतापुढे त्याचं काही चालत नाही. निर्यातीच्या मालात औषधांचे अंश तपासतात, म्हणून तणनाशकाचा पंप उचलायला मी नाखूश. निंदणीला बायका मिळेनात. म्हणून खांद्याला पट्टा अडकवून चालवायचं पेट्रोलचं ग्रास कटर घेतलं. ते ऐन हंगामात बसलं. चालू व्हायचं, पण गवताला टेकवलं की दम टाकायचं. जिथून घेतलं तिथे सांगितलं, ‘कार्बोरेटर गेला. नवा टाकण्यापेक्षा थोडी भर घाला, मशीनच नवीन येईल.’

मग कुणीतरी नाशिकला सारडा सर्कलच्या आतल्या गल्लीत जायला सांगितलं. तिथे जुन्या स्कूटरींच्या सांगाड्यांमध्ये चाचा बसलेले.

स्कूटर मेकॅनिकला गवताच्या मशीनमधलं काय कळणार, हा प्रश्न मलाही पडला होता. पण 1972 साली चेतक आली, त्याच साली लूना आली, आणि पुढची कितीतरी वर्षं निम्मा महाराष्ट्र पेट्रोलमध्ये ऑईल मिसळून फिरत होता. चाचांचे हात त्या टू-स्ट्रोक इंजिनांवर तयार झालेले. धुराचे नियम कडक झाले, टू-स्ट्रोक गाड्या रस्त्यावरून गेल्या, आणि ते इंजिन जाणणारे मिस्त्रीही बाजूला पडले. शेतात मात्र तेच इंजिन मागल्या दाराने परत आलं. कारणही सरळ आहे: त्याला खाली ऑईलची टाकी नसते, पेट्रोलमधून येईल तेवढंच ऑईल आत फिरतं, म्हणून ते बांधावर तिरपं धरा की आडवं, चालतं. स्कूटरच्या कार्बोरेटरमध्ये तरंगता फ्लोट असतो. मशीन तिरपं झालं की तो काय कामाचा? इथे रबराचा पातळ पडदा असतो, डायफ्राम. तेवढी एक गोष्ट चाचांना उतारवयात नव्याने शिकावी लागली. भंगारातले कार्बोरेटर आणून, उघडून, ते शिकले.

मी कार्बोरेटरकडे बोट दाखवलं तर म्हणाले, ‘ताई, डॉक्टर आधी जीभ बघतो ना? प्लग काढा.’ काढा म्हणजे मीच काढायचा. पाना माझ्या हातात दिला. प्लग काळाकुट्ट, तेलकट. विटकरी-तपकिरी असेल तर इंजिन सुखात आहे, काळा ओला असेल तर ऑईल जास्त किंवा हवेचा फिल्टर तुंबलेला, पांढरट असेल तर सावध राहायचं. पांढरा म्हणजे पेट्रोल कमी, हवा जास्त; आणि पेट्रोल कमी म्हणजे ऑईलही कमी. पिस्टन धरायला वेळ लागत नाही. प्लगची फट त्यांनी मोजली ती हॅकसॉच्या जुन्या पात्याने. पातं जेमतेम फिरलं पाहिजे. पुढे मी फीलर गेज आणून पाहिलं: पातं साडेसहा दशांश मिलिमीटरच्या आसपास भरतं, आणि मशीनच्या पुस्तकात 0.6 ते 0.7 लिहिलंय!

मग सायलेन्सर उतरवला. आतलं धुराचं तोंड कार्बनने निम्मं बुजलेलं. माणसाने तोंडावर हात दाबून पळावं, तसं ते इंजिन चाललं होतं. पिस्टन वर घ्यायचा, म्हणजे तोंड झाकलं जातं आणि कचरा आत पडत नाही, मग लाकडाच्या चपट्या काडीने खरवडायचं. लोखंड लावायचं नाही, पिस्टनवर ओरखडा उठतो. कार्बोरेटर? त्याला त्यांनी हातही लावला नाही.

रोग पेट्रोल-ऑईलच्या मिश्रणात होता. मशीन चालवणारा प्रत्येक जण समजतो की ऑईल चार थेंब जास्त पडलं तर बरंच. चाचांनी औषधाचं माप असतं तसलं प्लास्टिकचं माप दिलं (त्याचेही पैसे घेतले). आमच्या मशीनला लिटरला 20 मिली. काही मशीन 40 मागतात. पुस्तकात असेल तेच घालायचं.

पेट्रोलबद्दल ते फार बोलतात. देशात 20 टक्के इथेनॉलचं उद्दिष्ट 2025 मध्ये गाठलं गेलं. निफाड-दिंडोरीच्या ऊसवाल्याला त्यात आनंद आहे आणि तो रास्त आहे. पण इथेनॉल हवेतली ओल ओढतं. अर्ध्या कॅनमध्ये श्रावणभर पडून राहिलेल्या पेट्रोलात पाणी तळाला बसतं, आणि जुन्या मशीनचा रबरी पडदा कडक होतो. म्हणून लागेल तेवढंच मिसळायचं, आणि हंगाम संपला की टाकी रिकामी करून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवायचं. ऑक्टोबरच्या छाटणीच्या गडबडीत हे काम कुणाला सुचत नाही. मी ते छाटणीआधी, स्वतः करते. शेजारचे बागायतदारही आता मशीन घेऊन आधी माझ्या ओट्यावर येतात. त्यातली बरीचशी फिल्टर धुऊन आणि डोक्यावरच्या फिनमध्ये वाळलेला गवताचा लगदा काढूनच मार्गी लागतात. बाकीची चाचांकडे.

चाचांनी मला काही फुकट दिलं नाही, असं ते स्वतःच हसत सांगतात. पण पाना माझ्या हातात देऊन शेजारी बसून राहायचे त्यांनी कधी पैसे लावले नाहीत, आणि त्या वेळात त्यांची दोन गिऱ्हाइकं परत जात.

त्यांच्या गॅरेजमध्ये आता शिकाऊ पोरगा नाही. सातपूरच्या आयटीआयमध्ये शिकणाऱ्या पोरांनी सुट्टीत अशा एखाद्या मिस्त्रीकडे जाऊन बसावं. तुमच्या गावातही चेतक-लूनाच्या काळातला कुणी असेलच. मे महिन्यातच जा. पाऊस सुरू झाल्यावर त्यांना मान वर करायलाही फुरसत नसते.