राजूरच्या ओट्यावर

वणीहून राजूरकडे निघाले की गाव कशावर जगते ते रस्ताच सांगतो. कोळशाचे ट्रक आणि चुन्याच्या भट्ट्या. मामूंच्या ओट्यावर काळी धूळही बसते आणि पांढरीही. आम्ही पोहोचलो तेव्हा ते तिथेच शतरंज मांडून बसले होते. (शतरंजबद्दल उलेमांत मतभेद आहेत. मामूंचा नियम एकच, अजान झाली की पट मिटायचा.)

आमचा थोरला पुण्यात शिकतो. युद्धखेळ हाच ज्यांचा पेशा आहे, अशा लोकांच्या एका परिषदेला आम्ही नुकतेच त्याच्यासोबत जाऊन बसलो होतो. अर्धे डोक्यावरून गेले, पण त्याचे बोलणे अजून थांबले नव्हते.

"मोठी माणसे पगार घेऊन खेळतात?" मामूंनी विचारले.

खेळतात. गोव्यात नौदलाचे वॉर कॉलेज आहे, तिथे अधिकाऱ्यांना हे शिकवले जाते. या खेळाची आजची रीत प्रशियाच्या राइसविट्झ नावाच्या लेफ्टनंटने १८२४ मध्ये घालून दिली. नकाशा, दोन रंगांचे ठोकळे, फासे आणि मधे एक पंच. शतरंजमध्ये दोघांनाही सगळा पट दिसतो. इथे पंच दोघांच्या चाली जाणतो, पण ज्याला जेवढे दिसणे शक्य तेवढेच सांगतो.

मामूंनी प्यादे खाली ठेवले. "हे तर आमचेच झाले!"

मामू मायनिंग सरदार म्हणून निवृत्त झाले. खाणीत आग लागली असे समजायचे, माणसे बाहेर काढायची, कोणी किती वेळ घेतला ते लिहायचे. याला ते मॉक रिहर्सल म्हणतात. एका वर्षी त्यांनाच 'अडकलेला कामगार' करून खाली बसवले. खाणीचे नाव त्यांनी सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही. वर हजेरी पूर्ण झाली, अहवालावर सह्या झाल्या, चहा झाला. मामू खालीच. टोपीवरचा दिवा विझवून बसले होते, बॅटरी वाचावी म्हणून. शेवटी लॅम्परूममधल्या पोराच्या ध्यानात आले की एक दिवा परत आलेला नाही.

आम्ही हसलो. मामी हसल्या नाहीत.

थोरला म्हणाला, "परिषदेत हेच सांगत होते. मे १९४२ मध्ये जपानी नौदलाने मिडवेच्या मोहिमेचा आधी टेबलावर सराव केला. आपल्याच जहाजांवर नऊ बॉम्ब लागले, असा पंचाचा निकाल आला. ॲडमिरल उगाकींनी नऊचे तीन केले. अकागी हे विमानवाहू जहाज त्यामुळे वाचले. कागा तरीही बुडाले, तर पुढच्या डावात त्यालाही वर काढले. जूनमध्ये खऱ्या समुद्रात दोन्ही बुडाली."

मामू बराच वेळ बोलले नाहीत. कागदावर माणूस वाचवणे किती सोपे असते, ते त्यांना वेगळे सांगायला नको होते.

"तुम्ही तक्रार नाही केलीत?" थोरल्याने विचारले.

"तक्रार कसली, बेटा. दुसऱ्या दिवशी हजेरीला सगळ्यांदेखत सांगितले, मी अजून खालीच आहे म्हणून लिहा. साहेब चिडले. पण पुढच्या वेळेपासून दिवे मोजल्याशिवाय सराव संपला असे कोणी लिहिले नाही."

तेवढ्यात मगरिबची अजान झाली. थोरल्याचा वजीर धोक्यात होता. मामूंनी पट मिटला.