राईस प्लेटीची पंगत

पंगतीचें वर्णन करण्याची आपल्या लेखकांना मोठी हौस. पंगत लग्नाची असो, मुंजीची असो, कीं देवस्थानच्या उत्सवाची असो. रांगोळी, उदबत्त्यांचा सुवास आणि भातावरची तुपाची धार यांचा उल्लेख झाल्यावांचून त्यांची लेखणी पुढें सरकत नाहीं. परंतु मुंबईच्या फोर्ट भागांत दुपारीं एक वाजतां जी पंगत रोज बसते आणि अर्ध्या तासांत उठते, तिच्याकडे या रसिकांचें लक्ष क्वचितच जातें. तेथें पाट नाहीं, रांगोळी नाहीं, आग्रह तर मुळींच नाहीं. आहे तें एक डुगडुगणारें टेबल आणि स्टीलचें ताट. असें असूनही, कोणत्या पंगतीला बसून आपणांस सर्वांत अधिक समाधान लाभलें असें कोणीं विचारल्यास, आम्ही निःशंकपणें या राईस प्लेटीच्या पंगतीचेंच नांव सांगूं.

आमच्या कचेरीपासून दोन गल्ल्या टाकून एक जुनी खाणावळ आहे. तिला पाटी आहे, पण ती वाचून आंत शिरणारा मनुष्य आम्हीं अद्यापि पाहिला नाहीं. आंत शिरावयाचें तें फोडणीच्या वासाच्या भरंवशावर. राईस प्लेटीची किंमत शंभर रुपयांच्या किंचित् वर. तेवढ्यांत तीन पोळ्या, एक सुकी भाजी, एक उसळ, आमटी, भात, पापड, लोणच्याची फोड आणि ताकाची वाटी इतकें सारें येतें. बुधवारीं वालाची उसळ असते आणि शुक्रवारीं भरलीं वांगीं. हे दोन वार आमच्या कचेरींत कॅलेंडर न पाहतां सर्वांस ठाऊक असतात. वाढपी आमटी संपण्यापूर्वींच दुसरी वाटी आणून ठेवतो. मात्र जेवणाऱ्यानें रेंगाळूं नये अशी येथील नीति आहे, आणि ती राखण्याचें काम मालकाला करावें लागत नाहीं. तुमच्या खुर्चीमागें उभा राहून, तुमच्या ताटांत भात किती उरला आहे याचा अदमास घेणारा भुकेला गृहस्थ तें आपण होऊन करतो.

आमच्या मंडळींत पांच जण आहेत. कचेरींत या पांचांच्या पांच पायऱ्या आहेत. एकाची खुर्ची गोल फिरते, एकाची फिरत नाहीं. एकाच्या नांवाची पाटी दारावर आहे, तर एकाचें नांव कंत्राटदाराच्या हजेरीपटापलीकडे कोठेंच लिहिलेलें नाहीं. खाणावळींत मात्र जी खुर्ची रिकामी होईल ती ज्याची त्याची. तेथें फायलींचा विषय काढावयाचा नाहीं असा अलिखित करार आहे. बोलणें चालतें तें कर्जत लोकलच्या उशिराचें, मुलांच्या गुणांचें, आईच्या गुडघ्याचें आणि घरभाड्याचें. कचेरींत ज्याला आम्ही वर्षभर नुसत्या आडनांवानें ओळखत होतों, त्याची धाकटी बहीण परिचारिकेचा अभ्यास करीत आहे हें आम्हांस कळलें तें येथील आमटीच्या दुसऱ्या वाटीबरोबर.

ही गोष्ट आज साधी वाटते. परंतु ती साधी होण्यास आपल्या समाजाला फार वर्षें लागलीं. १८९० सालच्या ऑक्टोबरांत पुण्याच्या पंचहौद मिशनांत जमलेल्या मंडळींपुढें चहा-बिस्किटें आलीं. रानडे, टिळक, गोखले यांच्यासारखीं माणसें त्या मंडळींत होतीं. त्या एका पेल्यापायीं ग्रामण्य माजलें, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें आणि प्रायश्चित्तांचा खल होत राहिला. मुंबईंत जेवणाचे डबे पोंचविण्याची जी व्यवस्था महादू हावजी बच्चे यांनीं सुरू केली, तिचा आरंभही याच १८९० सालीं झाला असें सांगतात. चाकरमान्याला घरचें अन्न हवें होतें यांत चवीचा भाग होताच. पण परक्या हातचें खाण्याचा संकोचही त्या डब्यांत भरलेला असे. कोल्हापुरांत गंगाराम कांबळे यांनीं चहाचें दुकान घातलें, तेव्हां शाहू महाराज स्वतः तेथें जाऊन चहा घेत. एका राजाला आपल्या प्रजाजनाच्या हातचा चहा मुद्दाम, चार लोकांदेखत प्यावा लागला, यावरून त्या काळीं एका घोटाला किती मोल होतें हें दिसून येईल.

गिरणगांवांतील खाणावळवाल्या बायकांची कथाही विसरण्याजोगी नाहीं. घरदार गांवीं ठेवून आलेल्या गिरणी कामगारांना त्या आपल्या एका खोलींत रांधून महिन्याच्या बोलीनें जेवूं घालीत. पगार महिनाअखेरीस, आणि पोट तर रोजचें. म्हणून या बायका वाण्याकडून व सावकाराकडून चढ्या व्याजानें उचल करीत. प्रेमाताई पुरव यांनीं १९७५ सालीं अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून त्यांना बँकेच्या कर्जाची वाट दाखविली. १९८२ च्या संपानंतर गिरण्या मोडकळीस आल्या. परंतु थोडक्या पैशांत परक्याला घरच्यासारखें जेवूं घालण्याची विद्या या शहराला कोणीं शिकविली असेल, तर ती बहुतांशीं अशा बायकांनीं.

आतां आमच्या मुख्य मुद्द्याकडे वळूं. स्वस्त जेवणाची स्तुति करणारे लोक त्याच्या स्वस्ताईस क्षम्य उणीव मानतात. "स्वस्त असूनही चांगलें" असें म्हणतात. आमचें मत नेमकें उलट आहे. आमच्या पंगतीचा मोठा गुण तिची चव नसून तिची किंमतच होय. मेजवानी म्हटली कीं एक यजमान झाला आणि बाकीचे पाहुणे झाले. पाहुण्याच्या मनांत परतफेडीचा हिशेब घांस उचलण्यापूर्वींच सुरू होतो. राईस प्लेटीच्या पंगतींत यजमान कोणी नाहीं आणि उपकृतही कोणी नाहीं. तुझें तूं, माझें मी, हें वचन ऐकावयास रुक्ष लागतें. परंतु ज्याचा पगार सर्वांत थोडा, त्याला ताठ मानेनें शेजारीं बसतां यावें याची हमी त्याच वचनांत आहे.

याचा पडताळा आम्हांस दोन वर्षांपूर्वीं आला. जवळच एक वातानुकूलित उपहारगृह निघालें. गाद्यांच्या खुर्च्या, मंद दिवे, आणि दर खाणावळीच्या तिप्पट. तरुण मंडळींच्या उत्साहानें पंगत तिकडे हलली. पहिल्या सोमवारीं आमच्यांतला कंत्राटी नोकर म्हणाला, "आज माझा सोमवार आहे." गुरुवारीं दत्ताचा उपास निघाला. पुढच्या आठवड्यांत मंगळवारही आला आणि शुक्रवारही. पंचविशीच्या पोराच्या अंगीं एकाएकीं इतकी भक्ति कोठून आली, असें कोणी थट्टेनेंही विचारलें नाहीं.

आमचे वयोवृद्ध हिशेबनीस, ज्यांना सारी कचेरी नाना म्हणते, त्यांनीं मात्र एके दिवशीं जाहीर केलें, "बाबांनो, त्या गार हवेंत माझें अन्न पचत नाहीं. तुम्हीं खुशाल जा. मी आपला जुन्या जागीं जातों." नानांना एकटें कसें सोडावयाचें? सारी पंगत परत फिरली. त्या दिवशीं वार गुरुवारच होता. परंतु खाणावळीच्या दाराशीं पोंचतांच कंत्राटी पोरानें नानांचा हात धरून त्यांना पायरी चढविली आणि स्वतः त्यांच्या शेजारीं बसून दोनदां भात घेतला. नानांची पचनशक्ति उत्तम आहे, हें कचेरींतल्या प्रत्येकास माहीत आहे. दोघांनींही एकमेकांचें खोटें ओळखलें, आणि दोघांनींही तें जपून ठेवलें.

अलीकडे आम्हांस काळजी वाटते ती या फळ्यावरच्या आंकड्याची. तेल महागतें, गॅस महागतो, जागेचें भाडें वाढतें. जुन्या इमारती पाडल्या जातात आणि कचेऱ्या वांद्रे-कुर्ला संकुलाकडे निघून जातात. सरकारनें २०२० सालीं दहा रुपयांत शिवभोजन थाळी सुरू केली, ती गरजूंच्या पोटासाठीं आवश्यकच होती. परंतु मध्यमवर्गाची आणि त्याच्या कडेला कसाबसा टेकलेल्या माणसाची एकत्र पंगत कोणतीही योजना बसवूं शकत नाहीं. ती बसते ती अशाच एकाद्या गल्लींतल्या खाणावळींत. मालकानें खडूनें जुना आंकडा पुसून नवा लिहिला, म्हणजे आम्ही दहा रुपयांचा विचार करीत नाहीं. आतां कोणाचे उपास वाढतील, एवढेंच आम्ही मनांतल्या मनांत मोजतों.