नकाशात नसलेली टेकडी

परवा वर्गातल्या मुलांना मी शाळेभोवतालचा नकाशा काढायला सांगितला. एका मुलाने खाडीच्या काठाशी भलीमोठी टेकडी काढली आणि तिच्यावर चढणारी नागमोडी वाटही दाखवली. गोवंडीच्या या सपाट जमिनीवर टेकडी कुठली? मी तांबड्या पेन्सिलीने फुली मारली. पोरगा रडला नाही की भांडला नाही. एवढेच म्हणाला, "सर, माझी आई रोज चढते."

मॅट्रिकच्या पलीकडे न गेलेला मी मास्तर. दोन-चार कादंबऱ्या लिहिल्या म्हणून लोक समजतात की, याची नजर तीक्ष्ण असेल. पण देवनारचा तो कचऱ्याचा डोंगर इतकी वर्षे मी केवळ नाकाने ओळखत होतो. वारा तिकडून आला की उठून खिडकी लावायची, एवढाच आमचा परिचय.

घरी येऊन जुने नकाशे काढून बसलो. डोंगराच्या जागी पूर्वी खाजण होते. भरतीला पाण्याखाली जाणारे, तिवरांनी भरलेले. कोळ्याला त्यात मासळी आणि खेकडे दिसत. सरकारी दप्तराला मात्र ती पडीक जमीन दिसली. 1896 साली मुंबईत प्लेग आला आणि घाण शहरापासून दूर नेण्याची घाई झाली. दूर म्हणजे कुठे? जिथे जमीन ओली, स्वस्त आणि तक्रार करणारे थोडे, तिथे. 1906 मध्ये कुर्ल्याहून चेंबूरकडे रूळ टाकले ते कचऱ्याच्या गाड्यांसाठी. उतारू त्या मार्गावर बसले 1924 मध्ये. कचऱ्याला माणसांच्या आधी रेल्वे मिळाली, ही गोष्ट मला मोठी बोलकी वाटली. 1927 पासून देवनारला ढीग साठू लागला, तो पसरत पसरत सुमारे 132 हेक्टर झाला. पुढे 1971 मध्ये वांद्र्याचा कत्तलखाना इकडे आला. शहराच्या इतर भागांतून उठवलेली माणसेही याच सुमारास इकडे आणून बसवली गेली. एकदा एखादी जागा टाकाऊ ठरली की, शहराला नको असलेले जे जे असेल ते ते तिचीच वाट धरते. 2016 च्या जानेवारीत डोंगर पेटला आणि धूर दक्षिणेकडे गेला, तेव्हा कुठे साऱ्या मुंबईला तो दिसला.

हे वाचता वाचता मला आमचे माणदेशातले गाव आठवले. आमच्याकडे वारा बहुधा पश्चिमेचा. म्हणून महारवाडा पूर्वेला. तिकडचा वारा गावाला लागू नये ही जुन्यांची व्यवस्था. गावाचा उतारही तिकडेच, तेव्हा सांडपाणी आपोआप तिकडे जाई. जे आपोआप जात नसे ते आम्ही नेत होतो. आठ-नऊ वर्षांचा असताना सकाळी केराची बुट्टी घेऊन मी त्या उकिरड्यावर जाई. माझ्या मागच्या बाकावर बसणारा एक मुलगा समोरच्या दारात राखुंडीने दात घाशीत उभा असे. मी बुट्टी उपडी करी. तो बघे. मग तासाभराने आम्ही एकाच वर्गात कविता म्हणत असू. त्या उकिरड्याविषयी आम्ही कधीही बोललो नाही. तो इथे का, हा प्रश्न मला पडला नव्हता. त्याला पडत असेलच.

2024 मध्ये या कचराभूमीचा काही भाग धारावीच्या पुनर्वसनासाठी द्यायचे ठरले. धारावी हीसुद्धा एकेकाळी शहराबाहेरची दलदलच! तीत भर टाकून माणसे उभी राहिली, जमीन मोलाची झाली आणि आता त्यांतल्या काहींसाठी पुन्हा खाडीकाठ.

काल त्या मुलाची आई शाळेत आली होती. पोराने काही आगळीक केली काय, म्हणून विचारायला. पायात गमबूट, हातात वाकडा गज. मी म्हटले, "नाही हो, बाई. नकाशा चांगला काढलाय त्यानं." तिने वही हातात घेतली, वाटेवरून बोट फिरवले आणि म्हणाली, "वाट चुकलीय पण. आता ह्या बाजूनं नाही चढू देत."

मी मुलाला खोडरबर दिला. फुलीसाठी एक मला हवा होता.