वडाळे तलाव आणि बत्तीस टप्पे

पनवेल पाहायचे असेल तर उड्डाणपुलावरून पाहू नका. एस.टी. स्थानकावर उतरा आणि जुन्या गावाची वाट धरा. १ ऑक्टोबर २०१६ रोजी येथे महानगरपालिका झाली, चहूबाजूंनी उंच इमारती उभ्या राहिल्या. तरी आतले गाव अजून तळ्यांचेच आहे. वडाळे, कृष्णाळे, विश्राळे, देवाळे ही नावे जुने पनवेलकर घरातल्या माणसांसारखी घेतात. सकाळी वडाळे तलावाच्या काठी थोडा वेळ उभे राहा. फेऱ्या मारणाऱ्यांत बरेचसे साठी ओलांडलेले दिसतील. त्यांतले काही माझे रुग्ण आहेत. मला पाहताच त्यांची चाल जरा वेगवान होते.

आज मात्र तुम्हाला तलावापासून दोन गल्ल्या आत न्यायचे आहे. तेथे तळमजल्यावर एस.टी.तून निवृत्त झालेले एक कंडक्टर राहतात. वय चौऱ्याहत्तर. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा सौम्य झटका आला. चालणे सुधारले, परंतु डावा हात मंद राहिला आणि बोलणे जवळजवळ थांबले. व्यायामाचा चेंडू उशाशी पडून असे. दिवसभर भिंतीकडे पाहत बसत. औषधे वेळेवर देणे, आंघोळ घालणे, जेवू घालणे हे सारे त्यांच्या पत्नी एकट्या करीत.

दिवाळीच्या सुट्टीत नातवाने माळ्यावरून एक खोका काढला. नव्वदच्या दशकात निन्टेंडोच्या यंत्राबरहुकूम बनवलेले जे स्वस्त संच घरोघरी आले होते, त्यांतलाच एक. त्यांच्या मुलाच्या लहानपणचा. जुन्या दूरदर्शन संचाला वायरी जोडल्या आणि पडद्यावर लाल टोपीचा, मिशीवाला मारिओ धावू लागला. तुमच्या घरातही तो कधीकाळी धावला असेल. १९८५ साली जपानमध्ये आलेला हा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ दिसायला गोजिरवाणा, पण खेळायला कठोर. आठ प्रदेश, प्रत्येकात चार, असे एकूण बत्तीस टप्पे. वेळ मोजून दिलेली. पडदा एकदा पुढे सरकला की मागे परतता येत नाही. खड्डा समोर आला की उडी मारायचीच.

मी घरभेटीला गेलो तेव्हा काकूंनी दारातच विचारले, “डॉक्टर, या वयात हा पोरखेळ चालेल का? की बंद करू?”

‘डोळ्यांना त्रास होईल, बंद करा,’ हे उत्तर माझ्या ओठांवर आले होते. तेवढ्यात लक्ष त्यांच्या हाताकडे गेले. या खेळात दिशेची कळ डाव्या अंगठ्याने दाबावी लागते. जो अंगठा मी सांगून हलत नव्हता, तो मारिओसाठी हलत होता. हळू, चुकत, पण हलत होता. मी खुर्ची ओढून बसलो. त्यांनी माझ्या हाती यंत्र दिले आणि मी पहिल्याच शत्रूला धडकून मेलो. कित्येक महिन्यांनी त्या घरात त्यांचे हसू ऐकू आले.

नातवाने त्यांना एक गुपितही दाखवले होते. दुसऱ्या टप्प्यात छतावरून चालत गेल्यास नळातून थेट चौथ्या प्रदेशात जाता येते. आजोबांनी मान हलवली आणि अडखळत म्हणाले, “टप्पे चुकवून गाडी नेली, तर वाटेतल्या पॅसेंजरनं काय करायचं?” मग बोटे मोजीत त्यांनी पेणच्या गाडीचे थांबे सांगितले: पळस्पे, शिरढोण, कर्नाळा, तारा, खारपाडा. झटक्यानंतर एवढे सलग बोलणे मी प्रथमच ऐकत होतो.

खेळाने हे कसे घडते, असे तुम्ही विचाराल. कॅनडातील मॉन्ट्रियल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली ५५ ते ७५ वर्षे वयाच्या ३३ व्यक्तींवरील अभ्यास प्रसिद्ध केला. एका गटाने सहा महिने, आठवड्यातून पाच दिवस, रोज किमान अर्धा तास ‘सुपर मारिओ ६४’ खेळायचे होते. त्या गटात स्मरणाशी निगडित हिप्पोकॅम्पस आणि लहान मेंदू या भागांतील करडे द्रव्य वाढलेले आढळले. मात्र तो अभ्यास लहान होता, निरोगी माणसांवर होता आणि तो खेळही वेगळा, त्रिमितीय होता. म्हणून मारिओला औषध म्हणू नका. तीच हालचाल पुन्हापुन्हा करणे, ध्येय लहान असणे आणि चुकले तर लगेच पुन्हा संधी मिळणे, ही पुनर्वसनाची जुनी सूत्रे या खेळात आपोआप येतात, इतकेच मी म्हणेन.

निघताना मी काकूंना विचारले, “या अर्ध्या तासात तुम्ही काय करता?”

“तलावावर जाते,” त्या हळूच म्हणाल्या, जणू काही चोरी कबूल करीत होत्या. “एक फेरी मारते. वर्षभरात घराबाहेर एकटी अशी पडलेच नव्हते.”

या घरात मी कितीदा आलो होतो! दर वेळी काकांचा रक्तदाब पाहिला. काकूंच्या दंडाला पट्टा कधी बांधलाच नव्हता. त्या दिवशी बांधला. वरचा आकडा १७० होता. आणखी दोन दिवस मोजला, तरी उतरला नव्हता. सेवा करणाऱ्या माणसाकडे डॉक्टरचेच लक्ष नसते, हे मला एका खेळाने शिकवले. आता त्यांचेही औषध सुरू आहे.

तुमच्या घरी असा खेळ सुरू करायचा असेल, तर काही पथ्ये पाळा. हातांची खुर्ची घ्या, चष्मा लावा, कोपरांना आधार द्या. अर्ध्या तासाहून अधिक वेळ नको. मध्येच नजर दूर न्या. फेफऱ्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. चालणे आणि सांगितलेला व्यायाम यांची जागा खेळाला देऊ नका. आणि शेजारी कोणीतरी बसा. हरलेल्या माणसाला हसायला सोबत लागते. मात्र ती सोबत रोज एकाच माणसावर टाकू नका.

काका अजून तिसऱ्या प्रदेशात अडकले आहेत. बत्तिसावा टप्पा गाठतील की नाही, सांगता येत नाही. पण पनवेलला आलात तर संध्याकाळी वडाळे तलावावर या. पांढऱ्या पदराच्या एक काकू तेथे फेरी मारताना दिसतील. आताशा त्या दोन फेऱ्या मारतात.