सोलापूरची वाट आणि वार्षिक वर्गणी

आमच्या मलकपेठेतून जाणारा हमरस्ता पुण्याहून निघतो. सोलापूर, उमरगा, हुमनाबाद, झहीराबाद ओलांडून हैदराबादेत शिरतो आणि विजयवाड्यावरून मछलीपट्टणास समुद्राला भेटतो. पूर्वी त्याचा क्रमांक 9 होता, आता 65 आहे. परक्या माणसाला मलकपेठ ठाऊक असते ती रेसकोर्समुळे, फार तर असमानगढच्या टेकडीमुळे. येथल्या मराठी घरांना मात्र हा रस्ता म्हणजे गावाकडची वाट. लग्नकार्याला एके काळी आम्ही आगगाडीने वा एस.टी.ने जात असू. आता घरची मोटार निघते, आणि तिच्याबरोबर ‘वाटेत बंद पडली तर?’ ही शंकाही निघते.

या नवरात्रात सूनबाई आमच्या मातोश्रींना घेऊन तुळजापूरला आणि तेथून उमरग्याच्या आतील आजोळी जाणार आहेत. गाडी त्याच चालविणार. तेव्हा वाटेतील मदतीचे वार्षिक सभासदत्व घ्यावे काय, यावर घरात बराच खल झाला. कल्पना जुनीच आहे. इंग्लंडात अशी संस्था 1905 साली निघाली, मुंबईत वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन 1919 साली.

पेठेतल्या पेठेत या वर्गणीचा उपयोग शून्य. बॅटरी उतरली, चाक बसले, तर कोपऱ्यावरचा मिस्त्री चहा संपण्याच्या आत हजर होतो. हमरस्त्यावर 1033 हा क्रमांक अहोरात्र चालू असतो. टोल भरणाऱ्याने त्या सेवेचे पैसे एका परीने दिलेलेच असतात. परंतु ती क्रेन गाडी रस्त्यातून काढून जवळच्या सुरक्षित जागी ठेवते, घरी पोचवीत नाही. खरी पंचाईत हमरस्ता सोडल्यावर, आजोळच्या वाटेवर. तेथे तिन्हीसांजेला ऐंशी वर्षांची म्हातारी गाडीत बसलेली असताना मदत किती वेळात येणार, एवढाच प्रश्न उरतो. आणि माहितीपत्रकात नेमके तेच मोघम लिहिलेले असते.

बारीक अक्षरांतला मजकूर आम्ही भिंग घेऊन वाचला. गाडी ओढून नेण्याच्या अंतराला मर्यादा असते; पुढे किलोमीटरमागे आकार. उमरग्याहून सोलापूर शंभर किलोमीटरच्या आसपास, म्हणजे ही मर्यादा किती हेच आधी पाहावे. वर्षातून मदत ठराविक वेळाच. मजुरी माफ असली तरी पेट्रोल आणि सुटे भाग आपल्या खर्चाने. विजेवर चालणारी गाडी असेल, तर ती दोरीने ओढून चालत नाही, सबंध उचलून न्यावी लागते. तसे वाहन त्या भागात मिळेल काय, तेही विचारावे.

त्यातच चिरंजीवांनी विम्याचे कागद काढले. नव्या गाडीबरोबर कंपनी पहिली काही वर्षे अशी मदत बहुधा देतेच. विम्यातही थोड्या जादा हप्त्यात ती जोडून मिळते. एकाच मदतनीसाला दोनदा पैसे देणारी घरे आमच्या ओळखीत आहेत! आमच्या गाडीची कंपनीची मुदत संपली आहे, म्हणून स्वतंत्र सभासदत्व न घेता विम्यातच ही जोड घ्यावी, असे आमचे मत पडले. मातोश्रींना हा सारा हिशेब कंजूषपणाचा वाटला. “अरे, पोरगी एकटी गाडी हाकणार, आणि तुम्ही रुपये कसले मोजता?” त्यांचे म्हणणे खोटे नाही. म्हणूनच उमरग्याच्या आतील गावाचे नाव घालून, तेथे वाहन येईल काय आणि किती वेळात, असे आम्ही विमा कंपनीला लेखी विचारले आहे. उत्तर आले की हप्ता भरू. स्टेपनीत हवा मात्र आजच भरून घेतली, आणि चाक बदलण्याचा धडा सूनबाईंनी अंगणात दोनदा गिरविला.