फोडायचं न्हाई, सोडवायचं!

नेसरी म्हटलं की प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा शिलेदार आठवतात. 24 फेब्रुवारी 1674, शाळेत घोकलेली तारीख. माझ्यासाठी मात्र नेसरी म्हणजे आजोबांचं घर आणि त्यातलं पुस्तकांचं कपाट.

गेल्या महिन्यात काकांचा फोन आला. "घर उतरवायलोय. कपाट जुन्या सामानवाल्याला देणार. बघायचं असलं तर शनिवारी ये." सोमवारचं प्रेझेंटेशन डोक्यावर होतं. लॅपटॉप बॅगेत कोंबला आणि निघालो.

पुणे, कोल्हापूर, मग हायवेने संकेश्वर. तिथून गडहिंग्लज, आणि पुढे चंदगडचा रस्ता. दोन्ही बाजूंना ऊस. खिडकीची काच खाली केली तेव्हा कुठे ऑफिस डोक्यातून उतरलं.

कपाट सोप्यात होतं. सहा फूट उंच, अस्सल सागवान, वर काचेची दारं, खाली दोन खण. काका म्हणतात, स्वातंत्र्याच्या आधीचं. म्हणजे कोल्हापूर संस्थानाने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला (1945 साली, देशातला पहिला!) साधारण त्याच काळातलं. गावात वाचणाऱ्यांना आजोबा यातूनच पुस्तकं द्यायचे.

"नुस्तं बघालास काय? पुस्तकं काढ बाहेर," काका म्हणाले.

पुस्तकं निघाली आणि कपाट पहिल्यांदा नीट दिसलं. फळीच्या खालच्या बाजूला हात फिरवला तर बोटांना बारीक लाटा लागल्या. हाताने रंधा मारल्याची खूण. मागे, जिथे रंधा फिरलाच नाही, तिथे करवतीचे सरळ ओरखडे. गोल पात्याच्या मशीनवर कापलेल्या लाकडावर ते अर्धगोल येतात. खण ओढला तर कोपऱ्यात एकमेकांत अडकवलेले पसरट दात, आणि एकही दात दुसऱ्यासारखा नाही. हाताचं काम, बॉस!

दाराची खालची फळी हलत होती. मला वाटलं, खिळखिळी झाली. काकांनी बोलावलेले मेस्त्री हसले. "ती मुद्दाम सैल हाय." पावसाळ्यात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. फळी चौकटीच्या खाचेत मोकळी ठेवली की ती जागच्या जागी फुगते-आकसते. घट्ट बसवली की चिरते. नेसरीच्या पावसात इतकी वर्षं तगण्याचा फंडा हाच.

माझ्या फ्लॅटमधलं बुकशेल्फ आठवलं. 14 हजारांचं, भुशाच्या बोर्डाचं. एका पावसाळ्यात भिंतीची ओल लागली आणि खालचा कप्पा पुरीसारखा फुगला. आणि इकडे सामानवाला या सागवानाचे 8 हजार देत होता.

"मी नेतो पुण्याला," माझ्या तोंडून निघालं.

"लिफ्टमधून जाईल?" काकूंनी विचारलं. सवाल बिनतोड होता. मी फोडून न्यायचं म्हणालो, तशी मेस्त्रींनी मान हलवली.

"साहेब, ह्याला खिळा न्हाई. फोडायचं न्हाई, सोडवायचं."

त्यांनी कोपऱ्यातली लाकडी खुंटी दाखवली. एका बाजूने जाड, दुसऱ्या बाजूने निमुळती. निमुळत्या टोकावर हलके ठोके दिले आणि खुंटी मागे सरकली. उभ्या खांबातून आडव्या पट्टीचं कुसू अलगद बाहेर आलं. तासाभरात सहा फुटी कपाटाच्या फळ्या भिंतीला टेकून उभ्या. एक तेवढी वाळवीने खाल्लेली. तेवढीच बदलायची. कधीतरी कुणी दुरुस्त करेल, हे बनवणाऱ्याने आधीच धरलं होतं. आपण वस्तू घेतानाच ती कधी टाकायची ते ठरवतो.

आता ते पुण्याला येऊ शकत होतं. काकू हळूच म्हणाल्या, "शाळेची पोरं अजून येत्यात रे पुस्तकं न्यायला."

मी काही बोललो नाही. मेस्त्रींना नव्या फळीचे पैसे दिले. सामानवाल्याला नाही म्हणून सांगायचं काम काकांनी आनंदाने घेतलं.

सध्या फळ्या गोठ्याशेजारी नंबर टाकून ठेवल्यात. नव्या घराचा हॉल झाला की जोडायच्या. खुंट्या ठोकायला मी जाणार, रजा आत्ताच टाकलीय.

कसं जाल? कोल्हापूरहून संकेश्वर, गडहिंग्लजमार्गे नेसरी. प्रतापरावांचं स्मारक चुकवू नका. आणि कुणाच्या सोप्यात जुनं कपाट दिसलं, तर विचारून एकदा खण उघडून बघा.