राणीच्या बागेतला हत्ती आणि सिंदखेडराजाचा विष्णू

१/ भायखळ्याच्या राणीच्या बागेत येणाऱ्याला बहुधा पेंग्विन पाहण्याची घाई असते. त्या घाईत एक दगडी हत्ती मागे राहून जातो. जवळून पाहिल्यास त्याच्या अंगावरचे सांधे दिसतात. तुटलेले तुकडे जुळवून उभा केलेला हा हत्ती आहे, आणि त्याचे मूळ घर येथून दूर, समुद्रापलीकडे घारापुरीच्या बेटावर आहे. याच हत्तीवरून पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा हे नाव दिले.

२/ १८१४ मध्ये त्याचे मस्तक व मान कोसळली. पुढे १८६४ च्या सुमारास तो इंग्लंडला नेण्याचा बेत ठरला. यारीने उचलताना तो पडला आणि त्याची शकले झाली. ते तुकडे मुंबईच्या बागेत येऊन पडले, आणि १९१४ मध्ये ते जुळवून हत्ती पुन्हा उभा करण्यात आला. लंडनला जाता जाता भायखळ्याला उतरलेला हा प्रवासी आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

३/ त्याच आवारात आणखी एक निर्वासित आहे: घोड्यावर बसलेला सातवा एडवर्ड. मुंबईच्या ज्या भागाला आजही काळा घोडा म्हणतात, तेथून हा पुतळा १९६५ मध्ये हलविण्यात आला. घोडा गेला, नाव राहिले. अखेर २०१७ मध्ये त्या चौकात नवा घोडा बसविण्यात आला, मात्र पाठीवर स्वार नसलेला. स्थलांतरित शिल्पाने आपल्या जुन्या जागेवर इतकी वर्षे हक्क सांगत राहावा, ही गंमत लक्षात ठेवण्याजोगी आहे. पुढे ती उपयोगी पडेल.

४/ आता बागेच्या नावाकडे वळू. १८६२ मध्ये व्हिक्टोरिया गार्डन्स म्हणून खुली झालेली ही बाग आज कागदोपत्री वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे. लोकांच्या तोंडी मात्र अजून ‘राणीची बाग’च. राणी कोणती, हे कोणी विचारत नाही. आणि जिचे नाव फाटकावर आहे, ती जेथे जन्मली ते गाव किती मुंबईकरांनी पाहिले असेल?

५/ ते गाव बुलढाणा जिल्ह्यात, सिंदखेडराजा. जालन्याहून तासाभराच्या आत पोहोचता येते. मुंबई-नागपूर हा जुना महामार्ग गावातूनच जातो आणि त्याच्या काठावर लखुजीराजे जाधवांच्या राजवाड्याचा भव्य दरवाजा उभा आहे. परंपरेप्रमाणे जिजाऊंचा जन्म याच वाड्यात १२ जानेवारी १५९८ रोजी झाला. वाड्यालगत नगरपरिषदेने केलेली बाग आहे. मुंबईच्या बागेच्या मानाने ती इवलीशी. पण येथे नाव आणि जागा एकमेकांना सोडून गेलेली नाहीत.

६/ दरवर्षी १२ जानेवारीला या गावात माणसांचा पूर लोटतो. पहाटेपासून वाड्यासमोर रांग लागते. लेकींना नऊवारी नेसवून आणलेले आईबाप, विदर्भ-मराठवाड्याच्या कानाकोपऱ्यांतून आलेल्या गाड्या, पुस्तकांच्या दुकानांवरची गर्दी. हा उत्सव खरा आहे आणि मोठाही. परंतु त्या गर्दीतील बहुसंख्य पावले वाड्यापाशी येतात आणि तेथूनच परततात. गावात पाहण्यासारखे आणखी किती आहे, हे इतिहासाच्या तरुण वाचकालाही पुष्कळदा ठाऊक नसते.

७/ जाधवांच्या काळातील सिंदखेड समजून घ्यायचे तर पाण्यापासून सुरुवात करावी. मोती तलावाची दर्शनी बाजू किल्ल्याच्या तटासारखी बांधली आहे. पाणी अडविण्याचे काम आणि सत्तेचे प्रदर्शन अशी दोन्ही कामे एकच भिंत करते. चांदणी तलावाच्या मध्यभागी मजल्यांची इमारत आहे. सजना बारव गावाच्या पाण्याची सोय करी. पुतळा बारवेत उतरताना भिंतींतून कोरीव मूर्ती सोबत करतात, म्हणूनच तिचे ते नाव. उन्हाळ्यात घशाला कोरड पडणाऱ्या या मुलखात राजा कोण, तर ज्याच्या तलावात वैशाखातही पाणी असते तो. दरबारी मनसबींपेक्षा या बारवा लखुजीराजांच्या सामर्थ्याचा अधिक विश्वासू पुरावा आहेत.

८/ याशिवाय नीलकंठेश्वर आणि रामेश्वर ही प्राचीन देवळे आहेत, जाड भिंतींचा काळाकोट आहे आणि रंगमहाल आहे. शहाजी-जिजाऊंची सोयरीक रंगपंचमीच्या दिवशी याच रंगमहालात जमली, असे गाव सांगते.

९/ आणि आहे लखुजीराजांची समाधी. येथे थोडे थांबले पाहिजे. २५ जुलै १६२९ रोजी दौलताबादेस निजामशाही दरबारात लखुजीराजे, त्यांचे पुत्र अचलोजी व राघोजी आणि नातू यशवंतराव यांची हत्या झाली. ज्या दरबाराची चाकरी केली, त्याच दरबारात दगा झाला. एका दिवसात माहेरच्या तीन पिढ्यांतील पुरुष गेले. त्यानंतर सात महिन्यांच्या आत, १९ फेब्रुवारी १६३० रोजी, शिवनेरीवर शिवाजीराजांचा जन्म झाला. म्हणजे ही बातमी कानी आली तेव्हा जिजाऊ गर्भवती होत्या.

१०/ सासर-माहेरचे वैर त्याआधीच पेटले होते. खंडागळ्यांचा हत्ती बिथरला आणि त्यातून उसळलेल्या झुंजीत जिजाऊंचे बंधू दत्ताजी मारले गेले. उलट लखुजीराजांच्या हातून भोसल्यांकडील संभाजी पडले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. मराठ्यांच्या इतिहासात या कथेचा उपयोग बहुधा नाट्यासाठी केला जातो. समाधीसमोर उभे राहिल्यावर तिचे नाट्य ओसरते. ज्या बापाने सासरचा माणूस मारला, त्याच बापासाठी लेकीला रडावे लागले, एवढेच उरते.

११/ सिंदखेडराजातील ही समाधी केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. २०२४ मध्ये तिच्या जतनाचे काम चालू असताना लगतच्या जमिनीत घडीव दगड दिसू लागले. शास्त्रशुद्ध उत्खनन केले तेव्हा एका मंदिराच्या सभामंडपाचा पाया लागला. आणखी खाली, सुमारे सव्वादोन मीटर खोलीवर, शेषशायी विष्णूची मूर्ती निघाली. लांबी १.७० मीटर, उंची सुमारे १ मीटर. शेषावर पहुडलेला विष्णू, पाय चेपणारी लक्ष्मी आणि भोवती समुद्रमंथनाचा देखावा; त्यात ऐरावत आहे, घोडाही आहे.

१२/ मूर्तीचा दगड क्लोराइट शिस्ट जातीचा आहे. हा तपशील वरवर कोरडा वाटतो, पण सर्वांत बोलका तोच आहे. सिंदखेडची सारी भूमी लाव्हाच्या काळ्या बेसाल्टची. क्लोराइट शिस्ट या मातीत सापडत नाही; अशा मऊ, बारीक कामाला साजेशा दगडात दक्षिणेत होयसळ शिल्पींनी आपली कला फुलविली. म्हणजे एकतर दगड दुरून आला किंवा मूर्तीच दुरून आली. समुद्रमंथनाचा तो इवलासा देखावा कोरणाऱ्या हाताला बेसाल्टने इतकी मुभा दिली असती का, हेही विचारावेसे वाटते.

१३/ मूर्ती वर येताच गावात प्रश्न उभा राहिला: ही आता कोठे ठेवायची? ती गावाबाहेर जाऊ नये, असा गावकऱ्यांचा आग्रह होता. शहरात बसून असल्या आग्रहाला भाबडेपणा ठरविणे सोपे असते. पण बुलढाणा जिल्ह्याची स्मृती तेवढी छोटी नाही.

१४/ त्याच जिल्ह्यात, पैनगंगेकाठच्या मेहकरात, १८८८ मध्ये जमिनीतून शारंगधर बालाजीची माणसाहून उंच अशी काळ्या पाषाणाची मूर्ती निघाली. इंग्रज अधिकाऱ्यांचा विचार ती विलायतेस नेण्याचा होता. त्यांचा हुकूम येण्याआधीच गावाने घाईघाईने प्रतिष्ठापना उरकली, आणि पूजेत बसलेला देव हलविणे सरकारला जमले नाही, असे मेहकरकर आजही सांगतात. मूर्तीसोबत निघालेले ताम्रपट मात्र लंडनला गेले, असेही सांगतात. सरकारी दप्तराच्या कसोटीवर या कथेचा प्रत्येक शब्द उतरेल असे नाही. परंतु बालाजी मेहकरात आहे, आणि घारापुरीचा हत्ती भायखळ्यात आहे, या दोन गोष्टींना दप्तराची गरज नाही.

१५/ दुसरी बाजूही तितक्याच गांभीर्याने ऐकली पाहिजे. शेकडो वर्षे मातीच्या दमट अंधारात राहिलेला मऊ दगड एकाएकी उन्हापावसात उघडा पडला की त्याची झीज वेगाने होऊ शकते. उत्खननाच्या खड्ड्यात पहिल्याच पावसाचे पाणी साचते. मूर्तिचोरांची नजर आडगावच्या देवळांवरच अधिक असते. शिवाय दूध-दही, तेल-शेंदूर यांचा अभिषेक सुरू झाला, तर समुद्रमंथनातील बारीक आकृती दोन पिढ्यांत पुसट होतील. गावाने मूर्ती मागावी; पण तिच्या अंगावर तेल न ओतण्याची शपथही सोबत घ्यावी.

१६/ यातून एक वाट शंभर वर्षांपूर्वीच काढण्यात आली होती. सारनाथला उत्खननात निघालेले अवशेष दूरच्या शहरात न पाठवता उत्खननाशेजारीच संग्रहालय बांधून ठेवण्यात आले. १९१० मध्ये ते पूर्ण झाले. अशोकाचा सिंहस्तंभशीर्ष पाहण्यासाठी आजही सारनाथलाच जावे लागते, आणि म्हणून लोक तेथील स्तूपही पाहतात. सिंदखेडराजाला समाधी, मंदिराचा पाया आणि मूर्ती यांच्यामधले अंतर काही पावलांचे आहे. ते अंतर नकाशावर शेकडो किलोमीटरचे झाले, तर या तिन्हींना जोडणारी गोष्ट प्रत्येक ठिकाणी फलकावर छापून सांगावी लागेल.

१७/ मूळ जागेचा हा युक्तिवाद मूर्तीच्या दगडापाशी मात्र थोडा अडखळतो, हे मान्य करायला हवे. दगडच परका असेल, तर ‘मूळ’ कशाला म्हणायचे? कोणा अज्ञात शिल्पीने, कोणा अज्ञात दात्याच्या खर्चाने, बैलगाड्यांचा प्रवास करून तो दगड किंवा ती मूर्ती येथवर आणली असेल. पण ती आणली गेली ती पूजण्यासाठी. घारापुरीचा हत्ती उचलला गेला तो मिरविण्यासाठी. दोन्ही प्रवासांना स्थलांतर हाच शब्द लागतो, हे भाषेचे दारिद्र्य.

१८/ ज्या तरुण वाचकांना येत्या १२ जानेवारीला सिंदखेडराजाला जायचे असेल, त्यांनी एक करावे. वाड्यातील दर्शन झाले की गर्दीबरोबर परत न फिरता समाधीकडे जावे. तेथून मोती तलाव पाहावा. पुतळा बारवेला उन्हे तिरपी असताना पोहोचावे. भिंतीतल्या मूर्तींचे चेहरे त्या वेळी स्पष्ट दिसतात. आणि मुंबईकरांनी पुढच्या खेपेस राणीच्या बागेत पेंग्विनच्या रांगेत उभे राहण्याआधी त्या सांधलेल्या हत्तीला एक फेरी घालावी. प्रवेश करताना फाटकावरची पाटीही वाचावी.